चूक ब्राउझरची की आपली?

गेल्या शनिवारी आमची गँग सिंहगडावर पिठलं-भाकरी हाणत होती आणि मी ऑफिसात बसून ५० पिक्सेल शोधत होतो. आयटीवाल्याचं नशीब, दुसरं काय!

तर झालं असं. आमच्या एका क्लायंटचं जुनं अ‍ॅप्लिकेशन आहे. वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी फक्त इंटरनेट एक्स्प्लोररसाठी लिहिलेलं. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये विंडोज १० वरच्या आयईला निरोप दिला, पण एजमधल्या 'आयई मोड'च्या कृपेने हे म्हातारं अजून ठणठणीत आहे. हा मोड किमान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. क्लायंटला तोवर थांबायचं नव्हतं. साध्या एजमध्ये सगळं चालवून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिलंच पान उघडलं आणि तीन रकान्यांतला तिसरा धपकन खाली! मी आयईला दोन शिव्या हासडल्या, रकान्यांची रुंदी ३०० ची २५० केली. पान जागेवर. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं... चार दिवस हेच. त्यात एक पान सुटलं.

नेमकं त्याच पानावर 'जतन करा' हे बटण तिसऱ्या रकान्यात होतं. रकाना खाली घसरला, चौकटीची उंची पक्की ठरवलेली, बाहेर जाईल ते कापायचं अशी सोय आधीच केलेली. बटण गायब. चाचणीसाठी निवडलेल्या तालुक्याच्या शाखेतून फोन आला. आवाजावरून बाई माझ्या आईच्या वयाच्या वाटल्या. "सर, सगळा फॉर्म भरला, पण पुढे काही दिसतच नाही. माझंच काही चुकलं का? लाइनीत माणसं उभी आहेत हो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, आणि अपराधी वाटतंय त्यांना.

म्हणून शनिवारी मुळाशी गेलो. डिसेंबर १९९६ च्या सीएसएसच्या पहिल्या प्रमाणानुसार 'रुंदी' म्हणजे फक्त आतल्या मजकुराची. पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर वेगळी. आयई ५ मात्र हे सगळं त्या रुंदीतच बसवायचा. आमच्या रकान्याची रुंदी ३००, दोन्ही बाजूंना २० चं पॅडिंग आणि ५ ची बॉर्डर. आयई ५ च्या हिशेबाने ३००, प्रमाणाच्या हिशेबाने ३५०. असे तीन म्हणजे १०५०, आणि चौकट ९०० ची. तिसरा खाली पडणारच!

२००१ साली आयई ६ आला तो दोन्ही हिशेब घेऊन. पानाच्या डोक्यावर नीट डॉक्टाइप असेल तर प्रमाणाप्रमाणे, नसेल तर जुन्या 'क्वर्क्स' पद्धतीने. आमच्या पानांवर डॉक्टाइप नव्हताच. आयई मोडमध्येही ती आयई ५ च्या पद्धतीने चालावीत अशी सेटिंग केलेली होती. म्हणजे तो बिचारा ब्राउझर दिलेलं वचन पाळत होता. वचन काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

गंमत पुढेच आहे. ज्या हिशेबाला सगळ्यांनी नावं ठेवली, तोच पुढे 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' म्हणून सीएसएसमध्ये आला. २०१३ च्या बूटस्ट्रॅप ३ ने तर तो सरसकट सगळ्या घटकांना लावला. माझी चार दिवसांची ठिगळं उसवून हाच एक नियम टाकला आणि सगळी पानं जागेवर. मग डॉक्टाइप घातला. त्याने मात्र नवं दुखणं काढलं: सीएसएसमध्ये 'पीएक्स' न लिहिता नुसते आकडे टाकलेले होते, ते डॉक्टाइप आल्यावर ब्राउझर मुकाट सोडून देतो. ते निस्तरायला रविवारही गेला. असो.

माझं म्हणणं एवढंच. लेआउट मोडला की आपला हात आधी ठिगळाकडे जातो आणि तोंड ब्राउझरला शिव्या द्यायला उघडतं. त्याआधी दोन मिनिटं थांबून बघावं: हे पान कुठल्या मोडमध्ये उघडतंय? लिहिणाऱ्याने कुठला हिशेब धरला होता? एक आकडा बदलून पान सरळ झालं म्हणजे कारण सापडलं असं नाही.

आणि आयईला हसण्याआधी स्वतःकडेही बघू या. त्या काळी साइटवर 'अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल' अशी पाटी असायची. आज आपण पाटी लावत नाही, पण क्रोममध्ये चाललं की टिकेट बंद करतो. फायरफॉक्स किंवा सफारी उघडून बघायचे कष्ट किती जण घेतात? मीही घेत नव्हतो.

सोमवारी त्या बाईंना फोन केला. म्हटलं, "मॅडम, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती." त्या हसून म्हणाल्या, "जाऊ दे हो सर, आता बटण दिसतंय ना!"

सिंहगड काय, पुढच्या शनिवारी.