ठिणग्यांची रील भारी, पण गॉगल कुठाय? ग्राइंडर, डोळे आणि नवा कामगार कायदा

अंधारलेलं वर्कशॉप, हातात ग्राइंडर, स्लो मोशनमध्ये उडणाऱ्या ठिणग्या आणि मागे दमदार म्युझिक. अशी रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. पुढच्या वेळी ठिणग्यांऐवजी काम करणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. अनेकदा तिथे काहीच नसतं. असलाच तर उन्हातला काळा गॉगल.

ठिणगीत एवढं काय असतं?

ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा बारीक कण. 4 इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. पापणी मिटायच्या आत कण डोळ्यात पोहोचतो.

तो बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात रुतला, तर काही तासांतच तिथे गंज धरू लागतो. मग रुमालाचं टोक किंवा काडेपेटीची काडी पुढे येते. त्याने ओरखडा वाढतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि व्रण राहिला तर नजर कायमची अधू होऊ शकते.

नंबरचा चष्मा चालेल?

नाही. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि काच आघात सोसण्यासाठी बनवलेली नसते. सेफ्टी गॉगल घेताना त्यावर आयएस 5983, ईएन 166 किंवा एएनएसआय झेड 87.1 यापैकी एक मानक छापलेलं आहे का, ते पाहा. ग्राइंडिंग करताना गॉगलवर फेस शील्डही हवी. नुसती शील्ड पुरत नाही, कारण कण खालून आत शिरतात.

कायदा काय सांगतो?

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 35 खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं ही संहिता सांगते.

पण मेख आकड्यात आहे. विजेवर चालणारं युनिट 'कारखाना' ठरायला आधी 10 कामगार लागायचे, आता 20 लागतात. मालकाच्या सर्वसाधारण जबाबदाऱ्या 10 कामगारांपासून लागू होतात. सरकार धोकादायक म्हणून जाहीर करेल अशा कामांचा अपवाद सोडला, तर त्याखाली संहिता सहसा पोहोचत नाही. नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मात्र तीन-चार जणच असतात. जुना कायदाही त्यांच्या दारापर्यंत सहसा जात नव्हता, नवाही जात नाही.

मग आपण काय करायचं?

ग्रिल बसवायला आलेल्या दादांना "गॉगल आणलाय ना?" एवढं विचारा. नसेल तर काम थांबवा आणि एक मागवा. बिलाच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो. मुलांना लांब ठेवा.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. तरी खुपत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. काही रुतलेलं दिसत असेल तर धुऊ नका, उपटू नका. डोळ्यावर दाब न देता वर कागदी कप धरा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

ग्रिल पुन्हा बनवता येते. डोळ्याचं तसं नाही.