‘शेवटी माणूस आपलाच!’

ऑगस्ट २०२५ मध्ये रजनीकांत यांच्या चित्रपटजीवनास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच महिन्यात ‘कुली’ हा त्यांचा १७१ वा चित्रपट प्रदर्शित झाला. तेव्हापासून आपल्या मंडळींच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, गणेशोत्सवाच्या मांडवात एक वाक्य हटकून कानी पडते: ‘शेवटी माणूस आपलाच!’ मराठी माणसाने दक्षिण दिग्विजय केला, हा त्याचा गर्भितार्थ. या वाक्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु ‘आपला’ या शब्दाचा जो अर्थ त्यात गृहीत धरलेला आहे, तो हैदराबादेत चार-चार पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांवरच उलटणारा आहे.

प्रथम अभिमानवाद्यांचे जे खरे आहे ते मान्य करू. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. वडील रामोजीराव पोलीस शिपाई, आई जिजाबाई. कुळाचे मूळ जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचे. एक शाखा आजच्या कृष्णगिरी जिल्ह्यातील नाचिकुप्पम येथे गेली आणि तेथून बंगळुरास आली. तेथे १२ डिसेंबर १९५० रोजी या चार भावंडांतील धाकट्याचा जन्म झाला. घरात मराठी बोलली जाई. आडनाव, आईचे नाव, मुलाचे नाव, सारे एखाद्या बखरीतून उचलल्यासारखे! वंशावळ हाच पुरावा मानायचा असेल तर खटला येथेच निकाली निघतो.

पण जरा पुढे चला. मुलाचे शिक्षण कन्नड शाळेत झाले. रामकृष्ण मठातील नाट्यप्रयोगांतून तो प्रथम रंगमंचावर आला. मोठेपणी बंगळूर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसमध्ये तो कंडक्टर झाला आणि नोकरी सांभाळून कन्नड नाटकांत कामे करू लागला. अभिनय शिकण्यासाठी १९७३ साली तो मद्रासला गेला, तेव्हा पैशाची मदत केली ती राज बहादूर या त्याच्या बसचालक मित्राने. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याला हेरले के. बालचंदर यांनी. तमिळ शिकून घे, हा सल्ला त्यांचा. रजनीकांत हे नावही त्यांनीच दिले, कारण शिवाजी म्हटले की तमिळ प्रेक्षकांस शिवाजी गणेशन आठवत. १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एक फाटक ढकलून हा सावळा, विस्कटलेल्या केसांचा तरुण पडद्यावर आला. भूमिका नायकाची नव्हती. बायकोला छळून सोडून गेलेल्या आणि आता कर्करोगाने खंगलेल्या नवऱ्याची होती.

या साऱ्यात मराठी समाज कोठे आहे? शोधून सापडत नाही. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना त्यांनी कृतज्ञतेने नावे घेतली ती गुरू बालचंदर यांची, थोरले बंधू सत्यनारायणराव यांची आणि मित्र राज बहादूर यांची. तमिळ जनतेचे ऋण तर ते नेहमीच मानतात. त्या यादीत मराठी म्हणावे असे एक घर तेवढे आहे. मराठी मंडळ, मराठी नाट्यसंस्था वा मराठी धनिक तीत नाही. ज्या शेतात आपण एक घमेले खतही टाकले नाही, त्याच्या पिकावर खळ्यात येऊन हक्क सांगणे हे कोणत्या सातबाऱ्यात बसते?

आणि ज्यांना हा माणूस आपला वाटतो, त्यांनी त्याचे काम तरी पाहिले आहे काय? आमचा अनुभव असा की, सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणे आणि चष्मा फिरवणे, याखेरीज त्यांना फारसे ठाऊक नसते. १९७७ च्या ‘पदिनारु वयदिनिले’मधील परट्टै हा गावगुंड, १९७८ च्या ‘मुळ्ळुम् मलरुम्’मधील हात गमावलेला, बहिणीवर जीव टाकणारा, हट्टी विंच-चालक काळी, १९७९ च्या ‘आरिलिरुंदु अरुबदु वरै’मधील भावंडांसाठी आयुष्य झिजवणारा थोरला भाऊ, या भूमिका पाहिल्याशिवाय रजनीकांत यांची थोरवी कळणे नाही. विशेषतः काळी! दिग्दर्शक महेंद्रन यांनी त्या पात्रास भाषणे दिलीच नाहीत. वरिष्ठावरचा राग आणि बहिणीवरची माया एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी दिसते. हा अभिनय तमिळ खेड्यातल्या माणसाची चाल, त्याची नजर, त्याचा अबोला आत्मसात केल्याखेरीज होत नाही. तो रक्तातून येत नाही, शिकावा लागतो. पुढे ‘बिल्ला’पासून (१९८०) ‘बाशा’पर्यंत (१९९५) जो तारा घडला, तो या पायावर घडला. ‘मुत्तू’ने १९९८ साली जपानी प्रेक्षकांस वेड लावले ते नंतरचे. त्या जपान्यांनी त्यांचे आडनाव विचारले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. २००२ साली कावेरीच्या पाण्यावरून रान पेटले, तेव्हा तमिळनाडूत काहींनी रजनीकांत यांच्या निष्ठेवर शंका घेतली, कारण ते जन्माने बाहेरचे. त्यांनी चेन्नईत उपोषण केले, तरी शंका घेणारे घेतच राहिले. २०१७ मध्ये राजकारणप्रवेशाची चर्चा रंगली, तेव्हा पुन्हा तेच. त्या वेळी त्यांनी चाहत्यांस जे सांगितले त्याचा आशय असा की, आपण कर्नाटकात तेवीस वर्षे राहिलो, तमिळनाडूत चव्वेचाळीस. मराठी म्हणून आलेल्या आपल्याला तुम्हीच तमिळ केलेत. चेन्नईत जो म्हणतो ‘हा आमचा नव्हे’ आणि पुण्यात जो म्हणतो ‘हा आमचा’, त्या दोघांचा तर्क तंतोतंत एकच आहे: माणूस कोणाचा हे आजोबांच्या गावावरून ठरते! एकाच्या तोंडी तो शिवी होऊन येतो, दुसऱ्याच्या तोंडी कौतुक होऊन, एवढाच फरक.

हा तर्क आपल्याला परवडतो काय? दिलसुखनगर, चैतन्यपुरी, सरूरनगर येथे घरे बांधून राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी याचे उत्तर स्वतःशी द्यावे. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोण हे ठरवले, त्यात राज्याबाहेरून आलेल्यासाठी दोन अटी होत्या: पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य, आणि पूर्वीच्या स्थानी परतण्याचा इरादा सोडल्याचे प्रतिज्ञापत्र. सरकारी चाकरीत आयुष्य गेल्याने आम्हास या दुसऱ्या अटीचे विशेष वाटत आले आहे. वास्तव्य कागदावर सिद्ध करता येते. इरादा सोडणे ही मनाची गोष्ट, आणि त्या फर्मानाने नेमके तेच मागितले. १९५२ साली या शहरात ‘इडली सांबार गो बॅक’ या घोषणा झाल्या. १९६९ साली पुन्हा वणवा पेटला. १९७३ साली मुल्की नियम रद्द झाले. या दोन्ही वेळी रोख आपल्याकडे नव्हता, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि ज्यांनी येथेच राहायचे ठरवले ते आपले वाडवडील. त्यांनी स्वखुशीने परतीचा इरादा सोडला. रजनीकांत जेजुरीचे, असे आज आपण छाती फुगवून म्हणतो, तेव्हा उद्या शेजाऱ्याने ‘मग तुम्हीही नांदेडचेच’ म्हटले तर कोणत्या तोंडाने बोलणार?

महाराष्ट्रातील बांधवांनीही एक हिशोब तपासावा. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने मुंबईत प्रथम मोहीम उघडली ती दाक्षिणात्य कारकून-टंकलेखकांविरुद्ध, खानावळवाल्यांविरुद्ध. त्यानंतर सातच वर्षांनी एक मराठी कंडक्टर अभिनय शिकण्यास मद्रासच्या स्टेशनवर उतरला. मद्रासने त्याला मुंबईचा न्याय लावला असता, तर आज आपण अभिमान कशाचा धरला असता? दक्षिण दिग्विजय म्हणे! दिग्विजय झाला असेल तर तो यजमानांच्या मनाच्या मोठेपणाचा.

‘एवढा मोठा झाला, पण एक मराठी चित्रपट केला नाही’ अशी तक्रारही हीच मंडळी करतात. ही तर कृतघ्नतेची परिसीमा. तंजावरच्या भोसल्यांस कोणी विचारले होते काय, की तेलुगूत का लिहिता? शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचले आणि ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे तेलुगू यक्षगानही. ‘पंचभाषाविलास’मध्ये तर पाच भाषा एकत्र नांदतात. मराठी नाटकाचा इतिहास आज ज्यांच्यापासून सांगितला जातो, ते राजे तेलुगूतही तितक्याच सहजतेने लिहीत होते. उलट दिशेचे उदाहरण आपल्याच शहरातील. पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘अबला जीवितमु’ या नावाने तेलुगूत नेली. एका तेलुगू माणसाने मराठीचे केवढे हे ऋण फेडले! आपल्यापैकी किती जणांनी तेलुगू कादंबरी मराठीत आणली, हे आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांस विचारावे.

येथेच आमच्या विरोधाचे खरे कारण आहे. ही घोषणा आळसाचे पांघरूण झाली आहे. तेलंगण सरकारने २०१८ साली सर्व शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला, तेव्हा आपल्या अनेक घरांत कुरकुर झाली. सूट मिळते काय, याची चौकशी झाली. ज्या घरांत ही चौकशी झाली, त्याच घरांत रजनीकांत यांचे चित्र कौतुकाने पाहिले जाते, आणि तेही डबिंगमधून. पंचविशीकडे झुकलेल्या त्या कंडक्टराने परकी भाषा कष्टाने शिकून घेतली, कारण त्या मातीत त्याला उभे राहायचे होते. आपल्या नातवंडांस मराठी वाचता येत नाही आणि आपल्याला या शहरात जन्म काढून बसवरची तेलुगू पाटी वाचता येत नाही. मग अभिमान वाहण्यास परगावचा माणूस सापडला, की बरे वाटते. १९०७ साली ज्यांनी विवेकवर्धिनी उभारली, त्यांना असा उसना अभिमान लागला नव्हता.

रजनीकांत यांस मानपत्र पाठवावे, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. पाठवावे, पण ते तमिळनाडूच्या रसिकांस उद्देशून असावे आणि त्यात ‘मराठी मातीचा सुपुत्र’ हे शब्द नसावेत. मानपत्राच्या चौकटीवर व शालीवर जो खर्च योजला आहे, तो वाचवून साठीपुढील सभासदांसाठी तेलुगू लिपीचे वर्ग भरवावेत, अशी आमची उपसूचना आहे. बँकेच्या परीक्षेपासून संगणकापर्यंत सर्व काही शिकवणाऱ्या शिकवणी-वर्गांनी दिलसुखनगरचे रस्ते भरलेले आहेत. शिकवणारा मिळण्यास अडचण पडणार नाही. पुढील सभेत आम्ही ही उपसूचना मतास टाकू.