जीर्णोद्धार की पूर्वजांचा उच्छेद?

ओसाड दफनभूमीत हिंडावे, शेवाळलेल्या दगडांवरील अक्षरे लावीत बसावे, हा आमचा जुना नाद. तो कळल्यावर आमचे स्नेही गंभीरपणे सांगतात, "हा साहेबलोकांचा छंद. आपल्याकडे देह अग्नीत जातो, अस्थी पाण्यात जातात. थडग्यांशी हिंदूचा संबंध काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याच आधारावर आमच्या देवळांच्या आवारांतून पूर्वजांची चिन्हे एकेक करून नाहीशी होत आहेत.

प्रथम हा नाद का जडतो ते सांगतो. मृत्युशिळेवर थोडक्या जागेत एक आयुष्य मावलेले असते. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पायाखालची जमीनच थडग्यांच्या शिळांनी मढविलेली आहे. त्यांवर कुलचिन्हे कोरलेली आहेत. सुरतेस जॉर्ज ऑक्झिंडेनची भव्य कबर आहे. १६६४ साली शिवाजीमहाराजांच्या स्वारीत इंग्रजांची वखार राखणारा हाच गृहस्थ. तो १६६९ साली वारला. हैदराबादेस निजामाचा फ्रेंच सेनानी रेमाँ १७९८ साली वारला. हिंदू त्यास मूसा राम म्हणू लागले, मुसलमान मूसा रहीम; मूसारामबाग हे नाव त्याचेच. परका मनुष्य लोकांच्या जिव्हाळ्यात कसा शिरतो, हे बखरींपेक्षा अशा जागी अधिक कळते.

आता मूळ आक्षेप. हिंदूंस मृतांचे दगड नाहीत, हे म्हणणे साफ खोटे आहे. आमचे वीरगळ कोणाचे? शिळेचे आडवे कप्पे पाडलेले असतात व त्या खालून वर वाचावयाच्या असतात. तळाशी झुंज, कित्येकदा पळविलेल्या गाईंसाठी. मध्ये वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती टिको. मुंबईजवळ एकसरच्या वीरगळांवर आरमारी युद्धे कोरली आहेत, आणि गोव्यातील कदंबकालीन वीरगळांवरही गलबते दिसतात. कर्नाटकात आतकूरची ९४९-५० सालची शिळा तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची स्मृती सांगते. ज्या समाजाने इमानी कुत्र्यासही दगड दिला, त्याचे वंशज आज पणजोबांच्या दगडास पायपुसणे करीत आहेत.

हे अलंकारिक नव्हे. एका देवस्थानात जीर्णोद्धार चालू असता आम्ही गेलो होतो. पाय धुण्याच्या जागी एक लांबट दगड बसविला होता. कडेला चंद्रकोर दिसली म्हणून आम्ही वाकून पाहिले. वीरगळच तो, अर्धा सिमेंटात गाडलेला. चालकांस विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मढ्याचा दगड देवाच्या दारी अशुभ. कामी तरी आला!"

अशुभ? मग गोव्यातील देवळांत ग्रामपुरुष पूजिला जातो, तो कोण? तो पूर्वजच ना? मठामठांतून स्वामींच्या समाधींवर वृंदावने आहेत. तेथे आपण मस्तक ठेवतो. पंढरपुरास नामदेवाच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. विठ्ठलाकडे जाणारी वाटच तिच्यावरून जाते. देवास जे अशुभ वाटले नाही, ते समितीस वाटावे, हा शास्त्राचा आधार नव्हे, आळसाचा आहे.

चालकांची अडचण आम्ही जाणतो. छपरे गळतात, भिंती खचतात, यात्रेच्या दिवशी जागा पुरत नाही. देऊळ दुरुस्त करू नये असे कोण म्हणेल? पण मूळ दस्तऐवज फाडून नवी नक्कल करणाऱ्या पक्षकारास आम्ही न्यायालयात जे नाव देऊ, तेच येथेही द्यावे लागेल.

"मग कायदा काय करतो?" असे विचारले जाईल. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत किमान शंभर वर्षांची, ऐतिहासिक महत्त्वाची दफनस्थाने व शिलालेख येतात. २०१० च्या दुरुस्तीने नासधुशीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड अशी वाढविली. परंतु ती संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांपुरती आहे. आवारातील बहुतेक वीरगळ कोणत्याच यादीत नाहीत. तेथे पहारेकरी आपणच. आणि पहारेकरीच सिमेंट कालवीत असेल तर फिर्याद कोणाकडे न्यावी?

मागणी फार मोठी नाही. कुदळ लावण्यापूर्वी आवारातील प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र घ्यावे, माप व जागा वहीत नोंदवावी. दगड शक्यतो आहे तेथेच राहू द्यावा. हलविणे भागच पडले तर कोठून कोठे नेला हे लिहावे. त्यास तैलरंग, चुना, सिमेंट लावू नये, टाकीने घासू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले की झिजलेली रेषाही उठून दिसते. त्यास पैसा लागत नाही.

येत्या उत्सवास देवदर्शन झाल्यावर वाचकांनी एक प्रदक्षिणा मागच्या आवारातूनही घालावी. कोपऱ्यात पालथा पडलेला दगड दिसला तर चालकांस सांगून तो उताणा करून घ्यावा. ज्याने या गावाच्या गाईंसाठी प्राण दिला, त्याने आपल्याकडून एवढेही मागू नये काय?