चेर्निव्त्सीबद्दलही विचारा

२६ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी युक्रेनमधल्या युद्धातून सुटलेले २१९ भारतीय बुखारेस्टहून आलेल्या विमानाने अंधेरीलगतच्या विमानतळावर सुखरूप उतरले. त्यांत तिथल्या चेर्निव्त्सी शहरात डॉक्टरकी शिकणारी मुले होती. बातम्यांतून आपल्याला युद्ध कळले, ते शहर नाही. चेक वास्तुविशारद योसेफ ह्लावका यांनी १८६४ ते १८८२ दरम्यान धर्मगुरूंसाठी उभारलेला तिथला लाल विटांचा, रंगीत नक्षीदार कौलांचा प्रासाद आज विद्यापीठ आहे; २०११ पासून जागतिक वारसास्थळही. दुकानात शिरताना ‘दोब्रिय देन’, निघताना ‘द्याकुयु’ म्हणावे, जेवायला बिटाचे गरमागरम बोर्श्च सूप घ्यावे, ही तिथली रीत. तुमच्या सोसायटीत तिथे शिकलेला एखादा डॉक्टर असेल, तर त्याला त्या शहराबद्दल जरूर विचारा. उद्ध्वस्त घरांपलीकडचा युक्रेनही आपल्याला माहीत असायला हवा.