अलिखित मराठी आणि लेखनयंत्र



साकीनाक्यापासून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे यांनी अनेक वर्षे राहून लेखन केले. त्यांना औपचारिक शिक्षण जवळजवळ लाभले नव्हते. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीत त्यांनी वारणेच्या खोऱ्यातील मांग समाजाचे जीवन आणि बोली आणली. ती तोवर मराठी कादंबरीत फारशी उमटली नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेची लेखनयंत्रे पूर्वी लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून पुढील संभाव्य शब्द ठरवतात. आपली पुस्तके यासाठी विनापरवाना वापरल्याची तक्रार घेऊन अमेरिकेतील काही कादंबरीकार २०२३ मध्ये न्यायालयात गेले. तो आक्षेप रास्तच आहे. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने दुसरा आक्षेप अधिक मूलभूत ठरतो. जे कोणी लिहिलेलेच नाही, ते यंत्रापाशी असत नाही. कादंबरीकाराचे काम मात्र तेथूनच सुरू होते.

शुद्धलेखन तपासण्यासाठी यंत्राचे साहाय्य जरूर घ्यावे. परंतु कारखान्यात, दुकानात, घरात तुम्ही जी मराठी बोलता, ती पुष्कळशी अद्याप अलिखित आहे. यंत्राकडून स्वाध्याय लिहवून घेतल्यास कदाचित गुण मिळतील. तुमची मराठी मात्र अलिखितच राहील.