कित्ता आणि वळण

मोडीचा कित्ता ज्यांनीं गिरविला अशीं माणसें आतां फारशीं उरलीं नाहींत. पण बाळबोध अक्षर तर आपण सर्वच गिरवून शिकलों. गिरविणाऱ्या मुलास कोणी चोर म्हणत नाहीं. चित्रकलेची गोष्ट निघाली, कीं मात्र तोच अभ्यास संशयास्पद ठरतो. "हें अमक्याचें पाहून काढलें आहे," एवढा शेरा मारला, कीं मुलाचे महिन्याचे श्रम मातीस मिळतात. टॅब्लेटवर चित्रें काढणारीं मुलें घरोघरीं दिसूं लागल्यापासून हा तंटा वाढला आहे. त्या यंत्रावर नक्कल करणें इतकें सोपें, कीं कित्ता कोठें संपतो आणि चोरी कोठें सुरू होते, हें वडील मंडळींस उमजत नाहीं.

आमच्या घरींहि तो झाला. माझी थोरली नात दोन वर्षें टॅब्लेटवर निसर्गचित्रें काढीत आहे. तिचा आदर्श डेव्हिड हॉक्नी. १९३७ सालीं इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड येथें जन्मलेल्या या चित्रकारानें सत्तरी उलटल्यावर प्रथम आयफोनवर व २०१० पासून आयपॅडवर चित्रें काढण्यास आरंभ केला. (साठीनंतर नवें कांहीं शिकवत नाहीं असें म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनीं हें ध्यानांत ठेवावें.) यॉर्कशायरमध्यें वोल्डगेट नांवाचा एक साधा रस्ता आहे. त्या रस्त्यावर वसंत ऋतु कसकसा येतो, हें त्यांनीं २०११ सालीं आयपॅडवरील ५१ चित्रांत आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेल्या एका प्रचंड तैलचित्रांत टिपलें, व पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत तें सर्व मांडलें. २०२० सालीं नॉर्मंडींत राहून त्यांनीं वसंताचीं आणखी ११६ चित्रें आयपॅडवर काढिलीं.

नातीनें वोल्डगेटच्या चित्रांच्या वीसएक नकला केल्या, आणि त्या हुबेहूब उतरल्या. तिची आई कलाविद्यालयाच्या प्रवेशाची भाषा बोलूं लागली. तेव्हां माझे धाकटे बंधु एवढेंच म्हणाले, "हिचें यांत काय आहे?" मुलगी कांहीं बोलली नाहीं, टॅब्लेट आठ दिवस कपाटांत राहिला.

बंधूंचा प्रश्न कठोर असला तरी खोटा नव्हता, आणि त्याचें उत्तर मला आनंदवर्धनाच्या ध्वन्यालोकांत सांपडलें. नवव्या शतकांतील या काश्मिरी पंडितापुढें हाच प्रश्न काव्याच्या संबंधानें उभा होता. त्यानें सादृश्याचे तीन प्रकार मानिले. पहिलें प्रतिबिंबासारखें, ज्यास स्वतःचा आत्माच नाहीं. दुसरें चित्रांत उतरविलेल्या आकृतीसारखें. त्यांत आत्मा आहे, पण तो तुच्छ. हीं दोन्हीं त्याज्य. तिसरें दोन माणसांच्या तोंडवळ्यांतील साम्यासारखें. चेहरा मिळता असला म्हणून एक माणूस दुसरा होत नाहीं. प्रत्येकाचा जीव निराळा. हें सादृश्य कवीनें खुशाल घ्यावें. नातीच्या नकला पहिल्या प्रकारच्या होत्या, हें उघड होतें. पण पहिल्या पायरीवर उभें राहणें हा गुन्हा नव्हे; तेथेंच घर बांधणें वाईट.

पायरी चढावी कशी, हा खरा प्रश्न. कागदावरच्या अभ्यासांत हात चुकतो आणि त्या चुकीनेंच डोळा उघडतो. टॅब्लेट चूक होऊंच देत नाहीं. मूळ चित्रावर बोट टेकविलें, कीं तोच रंग ब्रशांत उतरतो. नवा लेयर वर पसरून खालची रेघ गिरवितां येते. न जमलें तर एका ठोक्यांत पुसतें. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून कांहीं नियम ठरविले. मूळ चित्र पांच मिनिटें पाहावें, मग मिटून ठेवावें, आणि आगपेटीएवढ्या चौकटींत उजेड, मध्यम व काळोख या तीनच छटांत आठवणीनें मांडावें. रंग उचलण्यापूर्वीं तो कोणता असेल, हें आधीं ओळखून वहींत लिहावें. ती ज्या सावलीला करडी म्हणाली, ती जांभळी निघाली! याचें कारण शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८३९ सालीं ग्रंथ लिहून सविस्तर सांगितलें आहे. गोब्लँच्या विणकामशाळेंत रंगांवर देखरेख करीत असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं रंग शेजाऱ्यामुळें बदललेला भासतो. म्हणजे उचललेला रंग हा नुसता शब्द झाला. वाक्य शेजारच्या रंगांनीं होतें.

यंत्राचा एक गुण मात्र मीं मुक्तकंठानें मान्य करितों. हॉक्नी वापरीत त्या ब्रशेस नांवाच्या ॲपमध्यें काढलेलें चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हां घडतांना पाहतां येई, आणि त्यांच्या कांहीं प्रदर्शनांत अशीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं. वाळलेल्या तैलचित्रांत कोणती रेघ आधींची, हें तज्ज्ञांसही सहज कळत नाहीं. येथें गुरूचा हात चालतांना दिसतो. अक्षराचें वळण तयार अक्षराकडे पाहून येत नाहीं. बोरू कोठून उचलला आणि कोठें टेकला, हें पाहून येतें. नातीनें तीं चलच्चित्रें पाहतांना रंगांची नांवें लिहिण्याचें सोडून रेघांचा क्रम लिहिण्यास आरंभ केला.

मग ज्येष्ठांत ती आमच्या कोंकणांतल्या घरीं आली. घरामागच्या वळणाचें पहिलें चित्र तिनें काढिलें, त्यांत रस्ता जांभळा! यॉर्कशायरचा रस्ता तिच्या हातांत बसला होता. आमचा जांभ्याचा तांबडा रस्ता डोळ्यांपुढें असून दिसत नव्हता. शिवाय हॉक्नींचा वसंत निष्पर्ण फांद्यांवर उतरतो. आमच्याकडे आंबा, फणस बारा महिने हिरवे. येथें ऋतु येतो तो पावसाचा. ही गोष्ट तिची तिलाच उमगली, आणि मृगाच्या आदल्या दिवसापासून आर्द्रा लागेपर्यंत तिनें रोज त्याच वळणावर, त्याच गडग्याशीं बसून (पाऊस आला तर पडवींतून) एकेक चित्र काढिलें व प्रत्येकावर तारीख घातली. पहिल्या चार दिवसांत भडक रंग टिकले. पुढें धुकें उतरलें, तेव्हां डोंगराचा लेयर फिका करीत करीत तिनें डोंगर जवळजवळ नाहींसा केला, आणि चित्रांत एक रस्ताच उरला. आधीं धुळकट नारिंगी असलेला तो भिजून गडद तांबडा झाला. गडग्यावर शेवाळ धरलें, तें तिनें न मिसळलेल्या हिरव्या रंगाच्या तुटक फटकाऱ्यांनीं दाखविलें. ते फटकारे हॉक्नींचे, एकच जागा धरून तारखा घालण्याची रीतही त्यांचीच. पण तो पाऊस तिनें कोणाकडून घेतला नव्हता.

बंधूंनीं तीं चित्रें पडवींत बसून पाहिलीं. बाराव्या चित्रापाशीं ते थांबले आणि म्हणाले, "या दिवशीं पऱ्याला पहिलें पाणी आलें होतें ना?" चित्रांत पऱ्या नव्हता, रस्त्याच्या कडेला गढूळ पाण्याची एक बारीक रेघ होती. नातीनें तारीख पाहिली, आणि "होय, आजोबा" म्हणाली. प्रवेशाच्या अर्जासोबत कोणतीं चित्रें पाठवावीं, याची निवड आतां दोघें मिळून करीत आहेत. वोल्डगेटच्या नकलांपैकीं एक सोबत पाठवावी, असा बंधूंचा आग्रह आहे; नात अजून कबूल झालेली नाहीं.