अधिकारी स्त्रीचा उत्तरार्ध

राष्ट्रीयीकृत बँकेत वीस-बावीस वर्षे काढलेल्या मुंबई-पुण्याच्या एखाद्या अधिकारी स्त्रीच्या हाती पंचेचाळिसाव्या वर्षी बढतीचा हुकूम पडावा आणि नेमणुकीच्या रकान्यात ‘साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा’ असे लिहिलेले असावे, अशी कल्पना वाचकांनी क्षणभर करून पाहावी. हा हुकूम काल्पनिक आहे. अशा हुकमांची जात मात्र काल्पनिक नाही. बँकांच्या नोकरीत बढती आणि बदली या जुळ्या बहिणी आहेत. एकीला घरात घ्यावयाचे तर दुसरीला ओटीवर ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून कित्येक स्त्रिया पस्तिशीत बढती नाकारतात, चाळिशीत पुन्हा नाकारतात, आणि मुले हाताशी आल्यावर, आता ती घ्यावी की नोकरीलाच रामराम ठोकावा या विचारात पडतात.

शहरातले सुहृद अशा वेळी हळहळतात ते गावाच्या नावाने. ही हळहळ आम्हांस अस्थानी वाटते. साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातील, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या मुलखातील गाव. 1724 साली येथेच निजामाने मुबारिजखानाचा पराभव करून हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. लोकांनी मात्र आपली साखर सोडली नाही. अशा गावच्या शाखेत पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याशी किंवा बचतगटाच्या बायांशी समोरासमोर बोलणे, त्यांच्या अडचणीचा तिथल्या तिथे निकाल लावणे, हे काम मुख्य कचेरीतील तक्त्यांच्या भरताडापेक्षा पुष्कळ जिवंत असते. आमच्या समजुतीप्रमाणे त्या स्त्रीला अशा कामाचे वावडे मुळीच नसते. तिचे दुखणे निराळे आहे.

ते दुखणे बोलून दाखविता येत नाही, हीच त्यातील मोठी पीडा. पगार उत्तम आहे, स्वतंत्र खोली आहे, ती आत आली की चार माणसे उठून उभी राहतात. पण सोमवारी सकाळी जिना चढताना, आपण हे कशासाठी करीत आहोत, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. पंचविसाव्या वर्षी जी नोकरी आधार म्हणून धरली, ती पंचेचाळिसाव्या वर्षी नुसती सवय होऊन बसते. असे पुरुषांचेही होते. परंतु पुरुषाच्या असमाधानाला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो आणि स्त्रीच्या असमाधानाचा संबंध तिच्या वयाशी किंवा प्रकृतीशी लावतो. निदान ‘सुखाचा जीव दुःखात घालते आहे’ एवढे तरी म्हणतोच. आम्ही स्वतः अध्यापकाची नोकरी सोडून या व्यवसायात आलो, तेव्हा घरच्यांनी काळजी केली, पण कोणी आमच्या प्रकृतीची चौकशी केली नाही!

सरकार आणि संस्था यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रीकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या सेवाकालात 730 दिवसांची रजा मिळू शकते. 2014 साली केंद्रीय अर्थखात्याने सरकारी बँकांना कळविले की, स्त्री-कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या अथवा आईवडिलांच्या गावाजवळ ठेवावे. या सवलती योग्यच आहेत, आणि त्या मिळविण्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या एकापुढे एक मांडून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातील प्रत्येक सवलत तिला माता म्हणून, पत्नी म्हणून किंवा कन्या म्हणून मिळाली आहे. तिची स्वतःची म्हणून काही इच्छा असू शकते, याची नोंद कोणत्याही परिपत्रकात नाही. सरकारी नोकरांना अभ्यासरजा आहे खरी. पण तो अभ्यास हातातल्या कामाच्या उपयोगी पडणारा हवा, म्हणजे ज्या वाटेचा कंटाळा आला त्याच वाटेने पुढे जाण्यासाठी! आणि मुले मोठी होऊन पांगली, आईवडील निवर्तले, की या साऱ्या सवलतींचे कारणच संपते. नेमक्या त्याच वेळी तिचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो.

स्टेट बँकेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष श्रीमती अरुंधती भट्टाचार्य यांनीही, बदलीच्या गावी मुलीच्या शाळेची सोय होईना म्हणून, एकदा राजीनामा देण्याचा विचार केला होता. वरिष्ठांनी समजूत घातली म्हणून त्या थांबल्या आणि 2013 साली अध्यक्षपदी पोचल्या. वरिष्ठ समंजस निघाले हे बँकेचे भाग्य. पण एवढ्या मोठ्या संस्थांचा कारभार अशा भाग्यावर सोपवावा काय?

2000-01 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा पंधरा वर्षांची नोकरी किंवा चाळीस वर्षांचे वय एवढीच अट होती. एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. आमच्या परिचयातील एकीने कायद्याची पदवी घेतली, एकीने मनासारखी शिकवणी सुरू केली. परंतु बहुतेकींच्या हाती आलेली रक्कम घराच्या कर्जात आणि मुलांच्या शिक्षणात गेली, आणि त्या पुढे नातवंडांत रमल्या. रमल्या असे आपण म्हणतो. त्यांना कोणी विचारले नाही.

आजकाल या विषयावर बोलताना श्रीमती फाल्गुनी नायर यांचे नाव हटकून घेतले जाते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 2012 साली त्यांनी कोटक महिंद्र समूहातील मोठे पद सोडून ‘नायका’ ही कंपनी उभारली आणि 2021 मध्ये तिचे समभाग बाजारात आणले. त्यांच्या धाडसाबद्दल आम्हांस आदर आहे. पण भांडवल, ओळखी आणि बाजाराचे ज्ञान ही शिदोरी त्यांच्यापाशी होती. सामान्य अधिकारी स्त्रीने त्या मापाने स्वतःला मोजू लागणे म्हणजे असमाधानात आणखी भर घालणे होय.

आम्हांस जवळचे वाटते ते उदाहरण ताराबाई मोडकांचे. 1892 साली जन्मलेल्या ताराबाईंचा संसार अमरावतीस, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच मांडला गेला होता. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात गेल्या. 1936 साली दादरला बालशाळा काढली. आणि 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस जाऊन खेड्यातील मुलांसाठी पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ केला. पासष्टाव्या वर्षी तेथूनही उठून त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. प्रत्येक वेळी खुर्ची लहान होत गेली आणि काम मोठे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या त्यांच्या प्रयोगातून अंगणवाडी निघाली; 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजनेत ते नाव आणि तो विचार देशभर नेला. आपल्या त्या बँक-अधिकारी स्त्रीला साखरखेर्ड्याच्या वस्तीत सकाळी अंगणवाडीकडे निघालेली मुले दिसतील, ती अशा एका स्त्रीच्या उत्तरार्धाची मुले आहेत.

ताराबाईंसारखे मनोबल सर्वांचे नसते, म्हणूनच नियम हवेत. स्टेट बँकेने स्त्रियांना दोन वर्षांपर्यंतची विशेष रजा देऊ केली आहे. पण तीही मुलांचे अथवा वृद्धांचे कारण सांगून. तीच रजा, कोणाच्या आजारपणाचा दाखला न मागता, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळावी आणि परतल्यावर ज्येष्ठता कायम राहावी. कर्जविभागात अर्धे आयुष्य गेलेल्या स्त्रीने प्रशिक्षणाचे किंवा ग्रामीण पतपुरवठ्याचे काम मागितले, तर ते कमीपणाचे मानू नये. खाजगी कंपन्यांनीही नोकरीत पडलेला खंड हा दोष समजून अर्ज बाजूस टाकण्याची रीत सोडावी. पुरुषांनी हेच मागितल्यास त्यांनाही द्यावे; आमची ना नाही.

बँकांच्या बदल्यांच्या याद्या उन्हाळ्यात निघतात. यंदा हुकूम काढण्यापूर्वी त्या स्त्रीला समोर बसवून, तुम्हाला पुढील पंधरा वर्षे काय करावयाचे आहे, एवढे एकदा विचारावे. ती कदाचित साखरखेर्डाच मागून घेईल.